बारा अल्बम, सोळा तबकड्या: बीटल्सच्या चौघांची स्वतंत्र वाट (प्रकल्प नोंदी)

१२ जुलै

यादी आज पक्की झाली. बीटल्सच्या चौघांनी १९६८ ते १९७३ या काळात आपापले काढलेले बारा अल्बम घ्यायचे. जॉर्ज हॅरिसनचे 'वंडरवॉल म्युझिक', 'ऑल थिंग्ज मस्ट पास', 'द कॉन्सर्ट फॉर बांगला देश' आणि 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'. पॉल मॅकार्टनीचे 'मॅकार्टनी', 'रॅम' आणि त्याच्या नव्या बँडच्या, विंग्जच्या नावानं आलेला 'वाइल्ड लाइफ'. जॉन लेननचे 'प्लास्टिक ओनो बँड' आणि 'इमॅजिन'. रिंगो स्टारचे 'सेंटिमेंटल जर्नी', 'बोकूज ऑफ ब्लूज' आणि 'रिंगो'. जॉर्जचे दोन संच तिहेरी आहेत, म्हणून एकूण १६ तबकड्या, ३२ बाजू.

काम दोन पदरी. एलपीवरून डिजिटल फाइल करायची आणि प्रत्येक गाण्याची तक्त्यात एक ओळ भरायची. रकाने तीन: कोण वाजवतंय, गाणं मुळात कधीचं, आणि ऐकू येणारा प्रत्येक खटका, खरखर, चिरका सूर कुणाचा. ध्वनिमुद्रणातला की तबकडीचा? हा तिसरा रकाना नीट भरल्याशिवाय सफाईला हात लावायचा नाही. या बारा अल्बमांत मुद्दाम ठेवलेले किंवा नाइलाजानं राहिलेले आवाज इतके आहेत, की सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलं तर निम्मा इतिहास पुसला जाईल.

लेनन आणि योको ओनो यांचे 'टू व्हर्जिन्स'सारखे प्रयोग आत्ता बाजूला. तिथे आवाज हेच संगीत आहे, त्यांना नियम वेगळे लागतील.

ऐकण्याचा क्रम कलाकारानुसार लावायचा नाही, प्रकाशनाच्या तारखेनुसार लावायचा. कारण पुढे येईलच.

१३ जुलै

जोडणी. बेल्टवर चालणारा टर्नटेबल, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईचं कंपन विजेत बदलणारा भाग), लंबवर्तुळाकार टोकाची सुई. सुईचा तबकडीवरचा भार २ ग्रॅम, छोट्या डिजिटल काट्यावर मोजून. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावरच्या आकड्यांवर विसंबू नये, आपल्या आर्मवर ते ०.२ ग्रॅमनं कमी दाखवत होते. भार कमी पडला की सुई खोबणीत नीट टेकत नाही आणि जोराच्या जागी आवाज फाटतो. जास्त भारापेक्षा कमी भारानं तबकडीचं नुकसान अधिक होतं.

प्रीअँपमधून (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रातून) ऑडिओ इंटरफेस, तिथून संगणकात २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. या मापानं मिनिटाला साधारण ३४.५ एमबी, २० मिनिटांची बाजू ६९० एमबी. ३२ बाजूंना २२ जीबी धरून चाला, आणि दुसऱ्या डिस्कवर तेवढीच प्रत.

सुरुवातीला घूं असा हम होता. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूखाली नुसती अडकवलेली होती, घट्ट आवळली तेव्हा निम्मा गेला. उरलेला लॅपटॉपच्या चार्जरचा होता. रेकॉर्डिंग बॅटरीवर करायचं ठरलं.

२० जुलै

धुलाई. पुण्याच्या पावसाळ्यात कव्हरांच्या आतल्या कागदी पाकिटांना दमट वास येतो आणि तबकडीवर पांढुरके ठिपके उमटतात. ही बुरशी. कोरड्या ब्रशनं घासली तर ती खोबणीत आणखी आत बसते.

मिश्रण: डिस्टिल्ड वॉटर ४ भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल १ भाग, आणि लिटरला फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे २ थेंब. थेंब वाढवले तर खोबणीत थर राहतो आणि सुईच्या टोकाला चिकट गोळा जमतो. मऊ मायक्रोफायबरनं खोबणीच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लास्टिकची झाकणी. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं दुसरा हात, आणि उभं ठेवून वाळवणं. पावसात दोन तास पुरत नाहीत, रात्रभर ठेवावं. जुनी आतली पाकिटं फेकायची नाहीत, छपाई असते. तबकडी नव्या पाकिटात, जुनं पाकीट कव्हरमध्ये सपाट.

हे मिश्रण ७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्डला चालत नाही. अल्कोहोल लाख विरघळवतं.

२६ जुलै

वेग चुकलेला निघाला. चाचणीच्या तबकडीवरचा ३,१५० हर्ट्झचा सूर ३,१८२ दाखवत होता, म्हणजे १ टक्का जलद. ऐकताना हे कळत नाही, पण सूर १७ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) चढतो आणि २० मिनिटांची बाजू १२ सेकंद आधी संपते. कारण नवा बेल्ट जुन्यापेक्षा जाड आहे. जाड बेल्टमुळे मोटरच्या छोट्या चाकाचा परिणामी घेर वाढतो आणि थाळी जोरात फिरते. खालच्या भोकातून ३३ चा (मिनिटाला ३३⅓ फेरे, या एलपीच्या वेगाचा) स्क्रू किंचित फिरवून वेग जुळवला. हे करताना टर्नटेबल १० मिनिटं चाललेला हवा आणि सुई तबकडीवर टेकलेली हवी, कारण सुईच्या घर्षणानंही वेग थोडा उतरतो.

स्ट्रोबची चकती (विजेच्या लुकलुकत्या दिव्याखाली वेग बरोबर असेल तर जिच्या रेघा थांबलेल्या दिसतात) वापरणाऱ्यांसाठी: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ लागतं. अमेरिकी चकतीवरचं ६० हर्ट्झचं वर्तुळ बघितलं तर सगळं चुकतं. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत, तो दिवा लुकलुकत नाही. निऑनचा बारीक इंडिकेटर वापरावा.

२ ऑगस्ट

'वंडरवॉल म्युझिक'. नोव्हेंबर १९६८. चौघांपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम, दिग्दर्शक जो मासो यांच्या 'वंडरवॉल' चित्रपटासाठी केलेलं पार्श्वसंगीत. आपल्या दृष्टीनं या यादीतला सर्वांत जवळचा, कारण यातलं भारतीय संगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा, सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य. कव्हरवर भारतीय नावांची स्पेलिंग बिघडलेली आहेत. तक्त्यात नावं नीट लिहिली आहेत, कारण कव्हरवरचं स्पेलिंग घालून शोधलं तर हे कलाकार सापडत नाहीत.

तिसरा रकाना इथेच भरू लागला. भारतीय तुकड्यांच्या मागे मधूनच गाडी गेल्यासारखी घरघर येते. ती तबकडीची नाही. स्टुडिओ बाहेरच्या आवाजापासून बंदिस्त नव्हता. लक्ष देऊन ऐकलं तर टॅक्स्या जाताना ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे, हे हॅरिसननं स्वतःच पुढे सांगितलं आहे. वाजवतानाच मिक्स होत होतं, म्हणजे सगळे आवाज एकत्र केले जात होते, नंतर वाद्य वेगळं काढण्याची सोय नव्हती. सॉफ्टवेअरला ही घरघर टर्नटेबलच्या मोटरची वाटते आणि खालचे सूर कापायचा सल्ला मिळतो. तो ऐकला तर तबल्याच्या डग्ग्याची घुमारी जाते. फोर्टातली १९६८ ची ती संध्याकाळही जाते. काहीही कापलं नाही.

खरा दोष एक सापडला. 'मायक्रोब्ज'मध्ये शहनाईचा लांब सूर डोलत होता. हे वादकाचं आंदोलन की तबकडीचं भोक मध्यावर नसल्याचा हेलकावा? ओळखण्याची खूण सोपी आहे. ३३⅓ वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. डोलणं दर १.८ सेकंदांनी त्याच मापात परत आलं तर तबकडी दोषी. माणसाचं आंदोलन घड्याळाला बांधलेलं नसतं. इथे १.८ च आलं, आणि टोनआर्मही डावीउजवीकडे झुलत होता. भोक किंचित सैल असल्यानं तबकडी अर्धा मिलिमीटर सरकवून आर्म स्थिर झाला. चौथ्या प्रयत्नात जमलं. मग शहनाईचं खरं आंदोलन उरलं, आणि ते फार सुंदर आहे.

'लव्ह सीन'मध्ये दोन सरोद एकमेकांशी बोलतात. दोन्ही आशिष खाँच, एकावर एक वाजवलेले. 'दि इनर लाइट'चं वाद्यसंगीतही याच मुक्कामातलं आहे. ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला बीटल्सच्या नावानं गेलं, म्हणून फाइल आपल्या यादीत नाही, पण तक्त्यात ओळ आहे.

९ ऑगस्ट

'सेंटिमेंटल जर्नी' (२७ मार्च १९७०). घरात मोठी माणसं गुणगुणत ती जुनी गाणी, प्रत्येकाची संगीतरचना वेगळ्या माणसाकडून. 'स्टारडस्ट' पॉलनं बांधलंय. तबकडी स्वच्छ होती, दोन तासांत काम संपलं.

'मॅकार्टनी' (१७ एप्रिल १९७०). बराचसा घरात, चार ट्रॅकच्या स्टूडर टेप यंत्रावर, मिक्सिंग डेस्कशिवाय, माइक थेट यंत्राला लावून. पहिलंच 'द लव्हली लिंडा' हे पाऊण मिनिटाचं गाणं यंत्र तपासण्यासाठी केलेलं. त्याच्या शेवटी दार कुरकुरतं आणि हसू येतं. ऑटोमॅटिक क्लिक काढणारं साधन या कुरकुरीला ओरखडा समजून खरवडतं. इथून पुढे ऑटोमॅटिक काहीही नाही. खटके हातानं, एकेक, ऑडॅसिटीच्या रिपेअरनं. हे साधन एका वेळी ध्वनीच्या १२८ नमुन्यांपर्यंतच (सॅम्पल) चालतं, ९६ किलोहर्ट्झला म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद. खटका त्याहून लांब असेल तर दोन तुकड्यांत.

'जंक' ऋषिकेशला १९६८ मध्ये लिहिलेलं, चौघे महर्षी महेश योगींच्या आश्रमात गेले होते तेव्हा. या ओळीला तक्त्यात हिरवा रंग दिलाय. ऋषिकेशहून निघून चौघांच्या वेगवेगळ्या अल्बमांत विखुरलेली गाणी एका नजरेत दिसावीत म्हणून.

१६ ऑगस्ट

क्रम तारखेनुसार का, ते इथे दिसतं. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या कामासाठी अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पायपट्ट्यांची गिटार) वादक पीट ड्रेक १९७० च्या उन्हाळ्यात लंडनला आला. 'बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर' ऐका, सगळं गाणं त्याच्या स्टीलवर तरंगतं. त्याच कामात रिंगो ड्रमवर होता. रिंगोला कंट्री संगीताची ओढ आहे हे ड्रेकच्या लक्षात आलं, त्यानं त्याला नॅशव्हिलला बोलावलं, आणि काही दिवसांत 'बोकूज ऑफ ब्लूज' तयार झाला. तो सप्टेंबरात आला, जॉर्जचा तिहेरी संच नोव्हेंबरच्या अखेरीस. जॉर्जचे अल्बम एका दमात आणि रिंगोचे दुसऱ्या दमात ऐकणाऱ्याला हा धागा हाती लागत नाही.

जॉर्जच्या संचानं दोन दिवस घेतले. अडचण पहिल्या बाजूची. जवळजवळ २० मिनिटांची बाजू, आणि शेवटी सात मिनिटांचं 'इझन्ट इट अ पिटी', ज्यात वाद्यांची भर वाढतच जाते. तबकडीच्या आतल्या खोबणीला एका फेऱ्यात जागा कमी मिळते, त्यामुळे नेमकं सगळं भरून येतं तिथेच 'स' आणि झांजा फाटू लागतात. प्रोट्रॅक्टरवर (कार्ट्रिजची जागा आणि कोन जुळवण्याच्या पट्टीवर) कार्ट्रिज पुन्हा बसवलं, जेमतेम १ मिलिमीटर पुढे. फाटणं निम्म्याहून कमी झालं. उरलं ते आधीच्या वापरातल्या झिजलेल्या सुयांनी केलेलं, ते आता निघणार नाही. तशी नोंद केली.

निर्माता फिल स्पेक्टरच्या घुमणाऱ्या प्रतिध्वनीबद्दल: 'वा-वा'मधली गर्दी, ड्रमच्या कडा हरवणं हे ध्वनिमुद्रणातलंच आहे. हा प्रतिध्वनी कमी असता तर आपल्याला आवडलं असतं असं हॅरिसननं २००१ च्या आवृत्तीच्या वेळी म्हटलं होतं, पण तेव्हाही मूळ मिक्स तसंच ठेवलं. इक्वलायझरनं ते 'साफ' करायला जाऊ नये, नुसती गाणी पातळ होतात.

तिसऱ्या तबकडीवर 'इट्स जॉनीज बर्थडे' हे छोटं गाणं आहे, लेननच्या तिसाव्या वाढदिवसासाठी केलेलं. त्याचा वेग मुद्दाम वरखाली केलेला आहे. २६ जुलैच्या घोळानंतर हे ऐकताच बेल्ट पुन्हा काढून तपासला गेला. बेल्ट ठीक होता.

२४ ऑगस्ट

'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड' (११ डिसेंबर १९७०). पियानो किंवा गिटार, क्लाउस फूरमनचा बास, रिंगोचा ड्रम, आणि बाकी बहुतेक मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे तबकडीचा प्रत्येक कण ऐकू येणार. धुलाई तीनदा केली.

या अल्बमवर तिसरा रकाना सर्वांत लांब झालाय. 'मदर'च्या सुरुवातीचे घंटेचे टोल वेग उतरवलेले आहेत, त्यांच्या सुरावरून टर्नटेबल तपासू नये. 'वर्किंग क्लास हीरो'मध्ये मधेच गिटारचा आवाज बदलतो, जणू खोली बदलली. तो टेपचा जोड आहे, मूळचाच. दोन्ही बाजू जुळवायला जाऊ नका.

'लव्ह'चा पियानो जवळजवळ शून्यातून हळूहळू वर येतो. इथे नॉइज रिडक्शन (सततची सरसर कमी करणारं साधन) सर्वाधिक घात करतं. रिकाम्या खोबणीचा नमुना घेऊन १२ डेसिबलवर चालवून पाहिलं, तर पहिले सूर गायबच, आणि पियानो दार उघडल्यासारखा एकदम आत आला. ६ वर आणलं तरी पहिल्या सुरांची शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी गुळगुळीत वाटत होती. शेवटी सुरुवातीची दहा सेकंदं नॉइज रिडक्शन पूर्ण बंद, फक्त सात खटके हातानं काढले. खोबणीची सौम्य सरसर राहू दिली. त्या सरसरीतून पियानो वर येताना ऐकणं हेच बरोबर वाटतं.

शेवटचं 'माय ममीज डेड' पाऊण मिनिटाचं, साध्या कॅसेटवर घेतल्यासारखं, खरखरीत, दूरचं. ही खरखर गाण्याचा देह आहे. फाइलच्या नावातच 'सफाई नको' लिहून ठेवलंय, पुढे कुणाच्या हातून चुकू नये म्हणून.

'लुक ॲट मी' हिरव्या रंगात. गिटार बोटांनी छेडण्याची ढब ऋषिकेशच्या दिवसांची आहे, ऐकताक्षणी कळतं.

३० ऑगस्ट

तुलनेसाठी स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांना सूचना. 'इमॅजिन' (२०१८), 'प्लास्टिक ओनो बँड' (२०२१) आणि 'ऑल थिंग्ज मस्ट पास' (२०२१) यांचे ध्वनिअभियंता पॉल हिक्सनं केलेले नवे मिक्स आहेत. गाण्याच्या नावापुढे 'अल्टिमेट मिक्स' किंवा '२०२० मिक्स' दिसलं तर तो मूळ एलपीचा आवाज नव्हे. गळा पुढे, प्रतिध्वनी कमी. ऐकायला सुरेखच, पण तक्त्याचा तिसरा रकाना त्यावरून भरू नये. 'रॅम'चं खास मोनो (एकाच वाहिनीचं) मिक्स एएम रेडिओ केंद्रांसाठी काढलं होतं, ते २०१२ पासून अधिकृतपणे मिळतं. जमेल त्यानं दोन्ही ऐकावेत, मोनोत ड्रम आणि बास जास्त एकजीव आहेत.

६ सप्टेंबर

'रॅम' आणि 'इमॅजिन' एकाच दिवशी, मुद्दाम. मे १९७१ च्या 'रॅम'चं पहिलंच गाणं 'टू मेनी पीपल' जॉनला टोचणारं. सप्टेंबरातल्या 'इमॅजिन'वर 'हाऊ डू यू स्लीप?' हे थेट उत्तर, आणि त्यातली धारदार स्लाइड गिटार जॉर्जची. 'रॅम'च्या कव्हरवर पॉल मेंढ्याची शिंगं धरून आहे. 'इमॅजिन'सोबत डुकराचे कान धरलेल्या जॉनचं पोस्टकार्ड होतं. जुना 'इमॅजिन' विकत घेताना हे कार्ड आत आहे का पाहा, तेच आधी हरवतं.

भांडण बाजूला ठेवून 'जेलस गाय' ऐकावं. ऋषिकेशमधली ही चाल आधी 'चाइल्ड ऑफ नेचर' होती. शब्द बदलून इथे आली. हिरवा रंग.

७ सप्टेंबर

'वाइल्ड लाइफ'. 'मम्बो' मधूनच सुरू होतं, पॉल टोनी नावाच्या तंत्रज्ञाला टेप चालू कर म्हणून ओरडतो तिथून. सुई उशिरा टेकली असं समजून बाजू तीनदा पुन्हा घेतली गेली. सुरुवात अशीच आहे.

२० सप्टेंबर

'द कॉन्सर्ट फॉर बांगला देश'. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, १ ऑगस्ट १९७१, दोन प्रयोग. पहिली बाजू रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची, तबल्यावर अल्ला रखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून झाल्यावर श्रोते टाळ्या वाजवतात आणि रविशंकर हसऱ्या सौजन्यानं सांगतात की लावणंच एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल. शांततेवरून गाणी तोडणारं साधन इथे टाळ्यांच्या मध्ये कुठेही चिरा पाडतं. खुणा हातानं घातल्या. लावणं, टाळ्या, बोलणं हे सगळं 'बांगला धून'ला लागूनच ठेवलंय.

थेट मैफलीत टाळ्यांचा मारा नॉइज रिडक्शनला खोबणीच्या सरसरीसारखाच दिसतो. सहाही बाजूंना ते बंद.

४ ऑक्टोबर

'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड' (१९७३). शीर्षकगीतात रॉकचा ठेका थांबतो आणि झाकिर हुसेनांचा तबला येतो, पुन्हा ठेका, पुन्हा तबला. या सांध्यांवर आवाजाची पातळी खूप बदलते. मोठ्या भागावरून पातळी ठरवली तर तबला दबतो, पण ती हातानं वाढवायची नाही, हा उतार मूळ मिक्सचा आहे. ड्रमवर रिंगो आणि जिम केल्टनर. शब्दांत जॉन, पॉल आणि रिची (म्हणजे रिंगो) यांची नावं आहेत.

ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत स्थिर विजेचे खटके सुरू झालेत. पाकिटातून काढताना तबकडीला धूळ ओढली जाते. कार्बन फायबरचा ब्रश, आणि टर्नटेबलजवळ ओल्या फडक्याची ताटली.

११ ऑक्टोबर

'रिंगो' (नोव्हेंबर १९७३). निर्माता रिचर्ड पेरी. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं 'आय ॲम द ग्रेटेस्ट' जॉननं लिहिलेलं, पियानोवर जॉन, गिटारवर जॉर्ज, ड्रमवर रिंगो, बासवर फूरमन, ऑर्गनवर बिली प्रेस्टन. तक्त्यात एकाच ओळीत तिघांची नावं लिहिण्याची ही पहिलीच वेळ. तिसरं गाणं 'फोटोग्राफ' जॉर्ज आणि रिंगोचं. पाचवं 'यूर सिक्स्टीन', ज्यातलं सॅक्सोफोनसारखं वाजणारं वाद्य म्हणजे पॉलनं तोंडानं काढलेला आवाज. क्लिक काढणारं साधन तिथेही अडखळलं. म्हणजे एका तबकडीच्या एका बाजूवर चौघे आहेत, जरी एका खोलीत कधीच नव्हते. पॉलला अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता, त्याचं दुसऱ्या बाजूवरचं 'सिक्स ओ'क्लॉक' लंडनला झालं.

तबकडीची दुसरी बाजू शेवटाला घासलेली आहे. 'यू अँड मी (बेब)' संपता संपता रिंगो बोलू लागतो, अल्बमवर काम केलेल्यांची नावं घेऊन आभार मानतो, आणि संगीतासकट विरत जातो. खरखर वाढतेय म्हणून फेड (आवाज विरवणं) आधी ओढला तर नावं तुटतात. सुई शेवटच्या खोबणीत फिरू लागेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवलं. शेवटच्या वीस सेकंदांत २३ खटके, सगळे हातानं काढले. नावं ऐकू येतात.